धुळ्याची लाइन का तुटली

"चालू झालं ना?"

"झालं, मॅडम."

"मग बंद का पडलं होतं?"

आमच्या ऑफिसात हा संवाद इतक्या वेळा झाला, की पुढं पुढं शिपाईसुद्धा पंखा दुरुस्त झाला की एकमेकांना हेच विचारून हसायचे. बाकी सगळे मशीन चालू झालं की चहाला जात. मॅडम मात्र उभ्याच. एक हात राउटरच्या पाठीवर, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि चपलेची टाच जमिनीवर टक टक टक.

त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. डबा उभ्यानं खायच्या. फोनवर बोलताना वायर पुरेल तितकं चालायच्या, वायर संपली की वळायच्या. रावेरकडच्या केळीवाल्या घरातली ही मुलगी इंजिनिअर होऊन आमच्याकडं आली तेव्हा मी हेडक्लार्क होतो. धंदा कापसाचा. जळगावला मुख्य ऑफिस आणि सरकी काढायचं जिनिंग, धुळ्याला डेपो. दोन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर जोडायचे, मग दोंडाईचा आणि साक्रीही जोडायची, हे काम शेठजींनी त्यांच्यावर सोपवलं होतं. नव्वदीची शेवटची वर्षं ती. टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेली स्वतंत्र लाइन, दोन्ही टोकांना एकेक मोडेम, आणि इकडची माहिती तिकडच्या वाटेला लावणारी राउटर नावाची पेटी. मॅडमनी कागदावर चार गावं काढून रेघांनी जोडली होती आणि तो कागद मशीनरूमच्या दारामागं चिकटवला होता. येता-जाता त्याच्याकडं बघायच्या.

धुळ्याच्या टोकाला आबा होते, तिथले जुने कारकून, अस्सल अहिराणी बोलणारे. दोघांचं फोनवरचं बोलणं ऐकायला आम्ही मुद्दाम थांबायचो.

"आबा, मोडेमवर लाल दिवा कितवा आहे?"

"वरथून मोजू का खालथून, ताई?"

"वरून."

"वरथून तर बठ्ठा दिवा हिरवा शेतस."

"मग खालून मोजा!"

"खालथून एक लाल शे. पन तो वरथून बी लालच व्हई ना?"

मॅडम रिसीव्हरवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करायच्या. खांदे हलायचे. रडतात की काय असं नवख्याला वाटे. त्या हसत असायच्या.

एका उन्हाळ्यात धुळ्याची लाइन रोज भर दुपारी तुटू लागली. संध्याकाळी आपोआप जुळायची. टेलिफोनवाले येऊन तपासून गेले, लाइन चोख. शेठजी म्हणाले, दुपारी तसंही काम कमी असतं, चालवून घ्या. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेल्या आणि मोडेमसमोर उभ्या राहिल्या. सोबत मीही होतो. ऊन चढलं तसं त्यांच्या लक्षात आलं. मोडेमवर जाड लोकरीचं विणलेलं झाकण होतं, खाली झालर लावलेलं. आत पेटी भट्टीसारखी तापली होती.

"हे कोणी घातलं?"

"मीच झाकं, ताई," आबा लगेच म्हणाले. "इतलं म्हागनं यंत्र, उघडं कसं ठेवानं? आमनी सूननी इनेल शे."

मॅडमनी झाकण काढलं, नीट घडी केली आणि म्हणाल्या, "सूनबाईंना सांगा, विणकाम फार सुरेख आहे. आता टीव्हीवर घाला." परत आल्यावर शेठजींना त्यांनी एवढंच सांगितलं, की पेटीला हवा लागत नव्हती. आबांचं नावही घेतलं नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. खरं बोलणाऱ्याशी मॅडम कशा वागत, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांची काम करायची एक रीत होती. राउटरमध्ये काही नवीन बदल केला की त्या तो लगेच पक्का करत नसत. काही दिवस तसाच चालवून बघायच्या. "नाना, काही बिघडलं तर मशीन नुसतं बंद करून चालू करायचं. नवं पुसलं जातं, जुनं परत येतं," त्यांनी मला समजावलं होतं. मी मान डोलावली होती. मशीनरूमची किल्ली माझ्याकडं असायची, म्हणून मला सांगितलं असेल.

त्या वर्षी कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी त्यांनी धुळ्यासाठी दोन्ही टोकांना नवी मांडणी केली आणि दसऱ्याला गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "मशीनरूम उघडू नका. तिथली पूजा मी आल्यावर करीन."

खंडेनवमीला आमच्याकडं वजनकाट्यापासून ट्रकपर्यंत सगळ्याची पूजा व्हायची. टाइपरायटरला झेंडू, तिजोरीला झेंडू. आणि ऑफिसातलं सगळ्यात मोलाचं यंत्र तेवढं धूळ खात, बिनपूजेचं. मला ते बघवेना. लोक पेढे खात होते तेव्हा मी ताट घेऊन आत गेलो. ओलं फडकं फिरवायचं म्हणून राउटर बंद केला. पुसला, कुंकू लावलं, फूल ठेवलं, हात जोडले आणि चालू केला. दिवे लुकलुकले. मी समाधानानं कुलूप लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हंगामाचा पहिला माल धुळ्याला आला आणि लाइन जुळेना. आबांचा फोन, पाठोपाठ शेठजी खाली. मॅडम सकाळच्या गाडीनं येऊन पोचतच होत्या. नवं पुसलं जातं, हे मला तेव्हा आठवलं. मी पुढं जाऊन दार उघडलं, फूल खिशात घातलं आणि रुमालानं कुंकू पुसलं.

मॅडमनी बघितलं, तर इकडची नवी मांडणी गायब, आणि जुनी धुळ्याशी जुळत नव्हती. अर्ध्या तासात त्यांनी सगळं पुन्हा भरलं. फोनवर आबा ओरडले, "वनं, ताई, बठ्ठं वनं!" सगळं परत आलं होतं. लोक पांगू लागले. आणि मॅडमची टाच जमिनीवर वाजू लागली.

"मशीनमधली नोंद सांगते, परवा हे बंद होऊन चालू झालंय. नाना, इथं कोणी आलं होतं?"

शेठजी शेजारी उभे होते. हीच रूम उघडू नका म्हणून मी आठवडाभर सगळ्यांना दम दिला होता.

"नाही. कोणी नाही."

"मले खरं सांगा, नाना." चिडल्या किंवा घाबरल्या की त्यांच्या तोंडी घरची बोली यायची.

"वीज गेली होती थोडा वेळ," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग शेठजींकडं वळून म्हणाल्या, "म्हणजे यूपीएसनं धरलं नाही. दोष तिथं आहे. पुन्हा होईल."

मला वाटलं होतं, मशीन चालू झालं, गोष्ट मिटली. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मिटलीही असती. माणूस निवडताना मी चुकलो.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला चैन पडू दिली नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. मेन स्विच पाडून पाहिला, यूपीएसनं धरलं. पुन्हा पाडला, पुन्हा धरलं. इलेक्ट्रिशियन आणून अर्थिंग उकरलं. यूपीएसच बदलला. ऐन हंगामात चाचणीसाठी लाइन बंद ठेवायला सांगू लागल्या, तेव्हा शेठजी वैतागले.

"अहो, चालतंय ना? मग कशाला छेडता?"

"का बंद पडलं ते कळल्याशिवाय मी दोंडाईचा जोडणार नाही, शेठजी. हेच दुखणं चार गावांत पसरेल."

"मग जोडणारा दुसरा बघावा लागेल."

त्या वाळल्या. डबा तसाच परत न्यायच्या. ऑफिसात त्यांचं नाव 'भूतवाली मॅडम' पडलं. एकदा मशीनरूमच्या दारात मी त्यांना गाठलं. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटलेले. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "नाना, तुम्ही तेवढे माझ्यावर हसत नाही."

मी चहा पाठवतो म्हणालो आणि परत फिरलो.

शेठजींनी शेवटी पुण्याची कंपनी बोलावली. त्यांच्या माणसांनी एक सकाळ तपासणी केली आणि सांगितलं, कशातही काही दोष नाही, कधी नसावाच. त्यांचं बरोबर होतं. नसलेला दोष मॅडम तरी कुठून काढणार होत्या? दोंडाईचा आणि साक्री जोडायचं काम पुण्याकडं गेलं. मॅडमना कोणी जा म्हणालं नाही. बसायला टेबल होतं, करायला काम नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला.

गेल्या महिन्यात मेहरूण तलावाकाठी आम्ही निवृत्त मंडळी बसलो होतो. कोणीतरी भूतवाल्या मॅडमची आठवण काढली, टाच आपटून नक्कलही केली. सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मॅडम आता कुठं असतात मला ठाऊक नाही. एकदा रावेरकडं जाऊन आलो होतो, त्यांचा भाऊ म्हणाला, ती तिकडं लांब असते, पत्ता त्यानं दिला नाही. निदान त्या बाकावरच्या मित्रांनी तरी हे वाचावं. मशीन मी बंद केलं होतं. वीज गेली नव्हती. मॅडमच्या कामात खोट नव्हती.

ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी पुण्याच्या इंजिनिअरला मॅडमनी मशीनरूम दाखवली. एकेक वायर, एकेक दिवा. दारामागचा चार गावांचा कागद त्यानं काढायला हात घातला, तर म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हाला लागेल." मग माझ्याकडं बोट केलं.

"इथं काही अडलं तर नानांना विचारा. ते सांगतील ते धरून पुढं जायचं. मी तसंच केलं."

त्यांच्या चेहऱ्यावर मी काही शोधलं. राग, संशय, काहीही. थकवा सोडून काही सापडलं नाही. त्या भराभर जिना उतरल्या. खिडकीतून मला त्या फाटकाबाहेर पडताना दिसल्या. समोर रिक्षा उभी होती, तरी थांबल्या नाहीत. पर्स खांद्यावर सरकवत स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.

मागून पुण्याच्या पोरानं विचारलं, "सर, याआधी इथं काही प्रॉब्लेम आला होता का?"

हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्याच अंतरावर होत्या त्या.

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नाही."