त्या गोष्टीत वाघ नव्हता

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या माझ्या दुकानात एका प्लंबरशी नळाच्या तोट्यांच्या भावावरून भांडत होतो. फोनवर सुमनताई होत्या, सुधीरची मोठी बहीण. "विठू, सुधीर गेला रे. सकाळी, झोपेतच..." एवढंच बोलल्या. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला, आणि आधी तोट्यांचा माझाच भाव वसूल केला. अंगवळणीच पडलंय ते. मग मुलुंडला जायला रिक्षात बसलो. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. पण लिहायला बसलोय ते त्यानंतर जे कळलं त्यामुळे.

साठच्या दशकात मुलुंडला सुधीरच्या वडिलांचं बैठं घर होतं आणि माझी आई त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची. वडील गिरणीत, घरी कोणी नाही, म्हणून शाळा सुटली की मी थेट त्यांच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसायचो. ओट्यावरून आतलं काचेच्या दारांचं कपाट दिसायचं. त्यात नुसती मुलांची पुस्तकं. सुधीरच्या वडिलांना, नानांना, मुलाने वाचावं याचा भारी सोस. दादरला गेले की एखादं नवं पुस्तक घेऊनच यायचे. विहिरीत उतरून भलत्याच राज्यात निघणारा गुराखी, शिंगं हरवलेला राक्षस, समुद्रात फिरणारं बेट... वेष्टनांवरची चित्रं मला लांबून दिसायची, आत काय आहे ते कळायचं नाही. एकदा आईने कणीक मळता मळता धीर करून माझ्यासाठी सुधीरच्या आईला विचारलं, "वयनीनू, माझ्या झिलाक एखादा पुस्तक बघूक दिल्यात तर बरा होईत." वहिनी हसल्या. म्हणाल्या, "नाही गं बाई, पुस्तकं नाही देत आम्ही कोणाला. हात कसले असतात मुलांचे!" मी माझे हात मांडीखाली घेतले. आईने पुढची पोळी करपवली. तिथेच पाटावर सुधीर दूध पीत बसला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या कपाटातलं पुस्तक माझ्या हातात आलं, आणि ते मी स्वतःच्या अकलेवर मिळवलं असं मी जन्मभर समजत आलो. झालं असं, की सुधीरला वाचता येईना. अक्षरं हलतात म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग नानांनी त्याला ढ ठरवून टाकलं. पण रविवारी जेवणं झाली की पुस्तकातलं काय कळलं ते नानांना सांगावं लागे, ते काही सुटलं नाही. तेव्हा कोणीतरी वाचून दाखवायला हवं. सुधीर ओट्यावर आला.

"विठ्या, वाचून दाखवशील?"

"फुकट?"

"काय पाहिजे तुला?"

"सायकल. एका प्रकरणाला तीन चकरा."

"एक."

"मग वाच की तूच, ढ कुठला!"

"बरं बाबा, दोन."

"दोन, आणि घंटी मी वाजवणार!"

माझा पहिला सौदा. पुढे या जोरावर मी दुकान उभं केलं, असं मी लोकांना सांगत असे. रोज नळावर दोनदा हात धुवायचे, चड्डीला पुसायचे आणि पुस्तक उघडायचं. आतून भाजणाऱ्या पोळ्यांचा वास, समोर भिंतीला टेकून डोळे मिटलेला सुधीर. गुराखी विहिरीत उतरला तेव्हा माझाच श्वास अडकला, म्हणून मी थांबलो, तर तो डोळे न उघडता म्हणाला, "घाई नाही रे. सावकाश वाच." राक्षसाला शिंगं परत मिळाली त्या पानावर मी रडलो होतो. ते त्याने पाहिलं नाही असं मला वाटलं होतं.

आणि वाघ. बेटाच्या गोष्टीचं शेवटचं प्रकरण फारच छोटं निघालं. एवढ्याशा प्रकरणाला दोन चकरा कोण देणार? म्हणून मी बेटावर एक वाघ सोडला. झाडामागून आणला, डरकाळी फोडली, होडीपर्यंत पळवला. सुधीरने गुपचूप ऐकलं, चकरा दिल्या. रविवारी नानांसमोर वाघासकट सगळी गोष्ट सांगितली. नाना पुस्तक वाचूनच मुलाच्या हाती देत. "वाघ? कुठला वाघ?" फाडकन आवाज आला. रविवारीही मी आईबरोबर यायचो, तो मला ओट्यावर ऐकू आला. सुधीर म्हणाला, "माझाच घोळ झाला." माझं नाव त्याने घेतलं नाही. त्याचाही मी हिशेब लावला होता... मी गेलो तर याला वाचून कोण दाखवणार? गरज त्याला आहे, बोलेल कशाला!

पुढे वर्षभराने त्याची अक्षरं हलायची थांबली. मला मात्र एक गोष्ट डाचत राहिली. शाळेत कथाकथनाच्या स्पर्धेत सुधीरचा पहिला नंबर आला, तोही मी वाचून दाखवलेल्या गुराख्याच्या गोष्टीवर. नानांनी पेढे वाटले. आम्हाला मागच्या दारी मिळाले. विठूने वाचली म्हणून, असं एक अक्षर कोणी बोललं नाही. हे मी विसरलो नाही आणि सुधीरलाही विसरू दिलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात, त्याच्या निवृत्तीच्या जेवणात, जमेल तिथे चार लोकांत मी सांगायचो, "याचं बक्षीस खरं माझं! आणि वाघ ऐका..." लोक हसायचे. तोही हसायचा. दुकानात आला की सांगेन ती किंमत देऊन नळ घेऊन जायचा. मी चिडायचो, "अरे, घासाघीस तरी कर!" तर म्हणायचा, "तुझ्याशी? माझी काय टाप आहे!"

तेराव्याला मुलुंडच्या त्यांच्या घरी माणसं गप्प बसली होती. मी वातावरण हलकं करावं म्हणून वाघ सांगितला. सगळे हसले. सुमनताई उठून आत गेल्या. माणसं पांगल्यावर मी त्यांच्यामागे गेलो. म्हटलं, "ताई, चुकलं का काही?"

"विठू, बेटाचं पुस्तक हाती आलं त्याच दिवशी सुधीरने वाचून संपवलं होतं. माझ्या शेजारी बसून. दोनदा."

मला कळेना. "तेव्हा त्याला वाचता कुठे येत होतं?"

"तुझ्या आईला आमची आई काय बोलली, ते ऐकलं होतं त्याने. मला म्हणाला, ताई, मला वाचता येत नाही असं सांगतो, मग विठूला द्यावंच लागेल. मी म्हटलं, अरे, नाना मला सांगतील वाचायला. तर नानांना सांगून बसला, ताई भरभर वाचते, विठूचंच कळतं."

"मग वाघ?"

"त्यात वाघ नाही हे त्याला ठाऊक होतं ना! पण गोष्ट बरोबर सांगितली असती तर नाना म्हणाले असते, वाघ वगळलास म्हणजे तू स्वतः वाचलंस. आतल्या खोलीत तुझा आवाज ऐकू यायचा रे सगळ्यांना. नानांनीही डरकाळी ऐकली असेल, अशी त्याला धास्ती होती."

मी खुर्चीत बसलो. वर्षभर तो पोरगा शाळेत अडखळत वाचत होता, ढ म्हणून बाकावर उभा राहत होता. त्या नावाने हाक मारणारा पहिला मीच. आणि ज्या सौद्याची मी आयुष्यभर फुशारकी मारली, त्यात समोरचा माणूस मुळात हरायलाच आला होता. मला फसवलं म्हणून मी खूप माणसांशी भांडलोय. असं कोणी जिंकू दिलं, तर काय करायचं असतं ते मला माहीत नाही. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. त्याने मला सांगायला हवं होतं. मग लगेच वाटलं, कधी सांगणार? मी बोलू दिलं कधी त्याला?

सुमनताईंनी सुधीरच्या खोलीचं दार उघडलं. पलंगाशेजारी ती सगळी पुस्तकं नीट लावलेली होती. "हवी ती ने," म्हणाल्या. मी आजवर कुठल्याच वस्तूला नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी नेववेना. म्हटलं, "इथेच बसून वाचू का?"

"वाच. मोठ्याने वाच."

मी आत जाऊन हात धुतले. बेटाचं पुस्तक उघडलं, शेवटचं प्रकरण काढलं आणि सावकाश वाचलं. फारच छोटं आहे ते. पदरचा एक शब्द घातला नाही.