टगरपिशीच्या तळ्यातले चाळीस पाटे

आमच्या घोलाडांग्यात दगड मिळत नाही. सगळी नदीची गाळमाती. कुत्र्याला हाकलायचं तरी ढेकूळ शोधावं लागतं. म्हणून बापजाद्यांपासून आम्ही तागाच्या पेंढ्या तळ्यात बुडवतो त्या केळीचे खुंट आणि चिखल वर लादून. तीन आठवडे तळं घाण मारतं, धागा काळपट निघतो, आणि आम्ही म्हणतो, ताग असाच असतो.

माझ्या आत्याला हे पटेना. टगर मंडल, सगळ्या गावाची टगरपिशी; आमच्याकडे आत्याला पिशी म्हणतात. वय बासष्ट, कमरेएवढ्या पाण्यात ताग सोलून सोलून बोटं कायमची सुरकुतलेली. कोलकात्याकडच्या एका कारखान्यात तागापासून प्लास्टिकसारखा पातळ कागद करतात, मातीत पुरला की त्याची माती होते. तिथली शर्बरी नावाची पोरगी पिशीला एक पूड देऊन गेली. पूड कसली, जिवंत जंतू! ते तागातला डिंक खातात, धागा मोकळा करतात. बोली सरळ होती: धागा सोनेरी निघाला तर गावातल्या बायकांच्या समितीचा सगळा ताग कारखाना घेणार, काळा निघाला तर पोरगी दुसरं गाव बघणार.

"पिशी, दुधाला विरजण ऐकलं होतं. तागाला?" मी हसलो.

"तुझ्या डोक्याला लावून बघू का आधी, नाडू?"

थराथरात पूड घालून तिनं पेंढ्या रचल्या आणि दाबायला वाळूची पोती आणायला बाजारात गेली. इकडे पेंढ्या तरंगत उन्हात तापू लागल्या. मला दया आली हो! खुंट तोडले, चिखल थापला. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

पिशी दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं परतली, वाळू मिळालीच नव्हती. तळ्याकडे बघून किंचाळली, "मेल्या! केळीचा चीक धाग्याला काळं फासतो, ती पोरगी दहादा सांगून गेली ना!" साडी खोचून पाण्यात उतरली, एकेक खुंट काठावर फेकला. मग पदरानं डोळे पुसले. तिला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विटा आणू?" मी पुटपुटलो.

"वीट रंग सोडते." मग माझ्या स्वयंपाकघराकडे नजर गेली. "बायकोचा पाटा आण."

पाटा! गावात दगड म्हणून तेवढाच. स्वतःचा पाटा आधी ठेवून पिशी दारोदार फिरली, आणि संध्याकाळपर्यंत चाळीस पाटे तागावर बसले. भाद्रपदातले दिवस, इलिश मासा ऐन भरात, आणि त्याच्या रश्श्याला मोहरी वाटायला घराघरात पाटा नाही! पुरुषांनी आकाशपाताळ एक केलं.

"पिशी, इलिश काय नुसत्या हळदीत खायचा?"

"बारा दिवस जिभेला सुट्टी द्या. मरत नाही कोणी!"

तेराव्या दिवशी शर्बरी आली. अख्खं गाव काठावर. पिशीनं एक काडी मोडून ओढली. पांढरी काडी या हातात, धागा त्या हातात. खळबळून वर धरला. सोनं हो, सोनं! बायकांनी जीभ हलवत आनंदाचं उलू उलू करून तळं दणाणून सोडलं, आणि मी बाप्यामाणूस ढसाढसा रडलो.

तेवढ्यात शर्बरीला वरच्या थरातली एक पेंढी दिसली, काळे डाग पडलेली. तिनं ती बाहेर ओढली.

"हे कशानं?"

"ती आमच्या पुतण्याची जुनी विद्या," पिशी म्हणाली. "एका रात्रीत एवढं. बाकीची माझी."

पोरीनं दोन्ही धागे शेजारी धरले आणि खळखळून हसली. "याहून मोठा पुरावा कुठला, पिशी? सगळा ताग आमचा."

पाटे घरोघर पोचवायची शिक्षा मला. एकोणचाळीस पोचवले, दारोदारी मोहरीचा वास सुटला होता. शेवटचा पिशीचा उचलायला वाकलो तर तिनं हात धरला.

"राहू दे तिथंच. पुढच्या तागावर पहिला तोच चढणार."

"आणि तू मोहरी कशावर वाटणार?"

"तुझ्या पाट्यावर. काळं फासलंस ना? आता जन्मभर जेवायला घाल."