सक्करदऱ्यात नर चिलटाच्या शोधात

नागपूर स्थानकावर उतरलो तेव्हा पिशवीत काचेच्या रिकाम्या कुप्या होत्या आणि अख्ख्या शहरात ओळखीचा चेहरा नव्हता. मला अळिंबीवर, म्हणजे मशरूमवर, वाढणारं, तिळाएवढं एक काळपट चिलट हवं होतं, तेही नर. सक्करदऱ्याच्या शोभाकाकू घरामागच्या खोलीत अळिंबी पिकवतात. पिकावरच्या चिलटांवर औषध विचारायला त्यांनी आमच्या कॉलेजातल्या कीटकशास्त्राच्या सरांकडे ती पाठवली होती. जात नवी वाटत होती, पण सगळ्या माद्या निघाल्या. या चिलटांच्या जाती नराच्या पोटाच्या टोकावरून ओळखतात; ते पाहिल्याशिवाय नव्या जातीचं वर्णन कोणी स्वीकारत नाही. घरातला पहिला पदवीधर मी. सरांनी विश्वासानं दिलेलं हे काम तिथेच अडलं होतं.

स्टेशनबाहेर सांबारवडी खाल्ली (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). शेजारच्या बाकावर एक कुटुंब एकमेकांच्या ताटातलं उचलत हसत होतं. मी लवकर उठलो.

काकू दारातच उभ्या होत्या. खोलीत टांगलेल्या पिशव्यांतून पांढरी अळिंबी फुटली होती. फरशी लख्ख होती आणि कडुनिंबाच्या धुराचा वास कोंडला होता.

"काहून असा पाहून राहिला गा? कॉलेजातले साहेब येऊन राहिले म्हणून काल पूर्ण खोली धुतली. धूर केला. एक चिलट दिसन तर शपथ!"

"काकू, मला चिलटंच हवी होती."

"अरे बाप्पा! लोकं चिलटं माराले येते अन् तू पकडाले आला? फोनवर सांगाचं नाही का?"

भिंती, कोपरे, पिशव्यांचे तळ, सगळं पाहिलं. काही नाही. पिशव्यांतलं वापरून झालेलं तणस (भाताचा पेंढा) कुठे टाकता, असं विचारलं, तर त्यांनी मागचं अंगण दाखवलं. ओल्या ढिगाचा थर उचलला आणि काळी चिलटं उठली. कुपीला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून मी चिलटं श्वासानं कुपीत ओढू लागलो.

"गिळशीन ना बाबू!"

"मध्ये जाळी आहे, काकू."

"तरी जेवूनच जा. चिलटांनी पोट भरत नाही."

भिंगाखाली पाहिलं. सगळ्यांत नर एकच होता.

परत आल्यावर रविवारी प्रयोगशाळा उघडली. सूक्ष्मदर्शकाखाली तो नर मोठा झाला. दोन्ही डोळे मिशांच्या वरून एका अरुंद पुलानं जोडलेले. मिशांचे सोळा खंड. छातीला कुबड, खाली लांब पाय. पंखातली मधली शीर पुढे दुभंगलेली. पोटाचं टोक सुईनं वेगळं करायचं होतं. ते तुटलं असतं, तर दुसरा नर नव्हता. टोक अखंड निघालं. चिमट्यासारख्या दोन भुजा, आणि प्रत्येकीच्या आतल्या कडेला एक वाकडा काटा. तो काटा मी वाचलेल्या कुठल्याच वर्णनात नव्हता.

कोणाला तरी हाक मारावी म्हणून मान वळवली. सगळी स्टुलं टेबलांवर उलटी ठेवलेली होती. शोभाकाकूंना फोन लावला.

"काकू, तुमच्या ढिगात एकच नर सापडला, त्याच्यावरून कळलं. जात नवीच आहे."

"बरं झालं गा. आता औषध सांग तिच्यावर."

"तेही शोधतो."

मग त्यांनी विचारलं, "दिसते कसा तो?"

एवढ्या प्रवासात हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी डोळ्यांपासून सुरुवात केली. मध्येच त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.

"थांब," त्या म्हणाल्या, "गॅस बंद करून येतो. मग सांग पुढचं."

मी फोन कानाला धरून थांबलो.