खाणीवरची नोकरी

आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी साताऱ्याकडचा, पूर्वी फौजेत होता. बायको इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला नर्स आहे. तो आफ्रिकेत परदेशी लोकांच्या सोन्याच्या खाणीवर खासगी कंपनीतर्फे बंदूक घेऊन पहारा देतो. सुट्टीत आला की आमच्याकडे चहाला येतो. बूट काढतो, पण आत आणून खुर्चीपाशीच ठेवतो. मी ओरडले की म्हणतो, "सवय आहे, काकू."

कारखान्यातून काढलेल्या माझ्या मुलाने परवा त्याच्याकडे खाणीवर नोकरी मागितली. तो सरळ नाही म्हणाला. मुलगा तणतणत खोलीत गेला.

"का रे, जागा नाही?" मी विचारलं.

"आहे ना. जनरेटर बघणारा गेल्या महिन्यात गोळी लागून गेला, त्याचीच."

मुलगा अजून त्याच्याशी बोलत नाही. नसू दे बोलत, घरात तर आहे.