गुलाबी कागदाची कोरी पाठ

नाशिकच्या रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत रावजीशेठचा छापखाना होता. पुढं पायानं चालवायचं मशीन, मध्ये शिशाच्या अक्षर-खिळ्यांची खणाखणांची घोडी, आणि सगळ्यात मागं, खिडकीखाली गोणपाटावर बसलेल्या सिंधुबाई. बांबूची चपटी पट्टी कागदावरून फिरवायची, घडी पक्की करायची, गठ्ठ्यावर ठेवायची. सकाळी दहाला पंचवटीतल्या आपल्या खोलीला कुलूप लावून त्या होळकर पूल ओलांडून यायच्या, दिवेलागणीला परत. येताजाता काळारामाला बाहेरूनच हात जोडायचे. आत जायला वेळ नसायचा असं नाही, पण आत गेलं की पुजारी विचारायचे, "काय बाई, काही खबर?"

खबर नव्हतीच. निवृत्ती, त्यांचा नवरा, तसा रंगारी माणूस. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पण गावात नाटक कंपनी आली की हातातला ब्रश टाकून पडदे बांधायला पळायचा. सत्तर साली, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, एका कंपनीच्या टेम्पोत बसून गेला. "दोन महिन्यांत येतो. ऊस तसाच राहू दे तुळशीजवळ," म्हणाला. माघात सांगलीहून एक पोस्टकार्ड आलं. मजकूर दोन ओळी, खाली सही मात्र पूर्ण: निवृत्ती गणपत कडलग. त्याची ती खोडच होती. बसच्या कंडक्टरनं "कुठं जायचंय?" विचारलं तरी आधी तिन्ही नावं सांगेल आणि मग गाव.

त्यानंतर काही नाही.

छापखान्यात काम धरलं ते पोटासाठी, हे खरं. पण शहरात चार छापखाने होते, आणि सिंधुबाईंनी रावजीशेठचाच धरला, कारण नाटकांची पत्रकं तिथं छापली जायची. बाहेरगावच्या कंपन्या, इथल्या हौशी मंडळ्या, सगळ्यांची. प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकाच्या हातात जे पत्रक पडतं, ते आदल्या दिवशी सिंधुबाईंच्या हातातून गेलेलं असायचं. प्रत्येक कामातलं एक त्या घरी न्यायच्या. निवृत्तीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जिथं त्याचे दोन सदरे होते, त्यावर ठेवायच्या. दर गुरुवारी उपास सोडायच्या आधी ट्रंक उघडून नव्या पत्रकावरून बोट फिरवत सावकाश वाचायच्या. शाळा तिसरीपर्यंतच, पण त्या एका नावापुरती ती पुरायची.

नाव काही सापडत नव्हतं, आणि का सापडत नाही तेही त्यांना लवकरच कळलं होतं. पत्रकांच्या तीन जाती होत्या. सर्वांत स्वस्त म्हणजे गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद, काळी शाई, एकाच बाजूला छपाई. त्यावर नाटकाचं नाव, लेखक, नटमंडळी आणि तिकिटाचे दर, बस्स. पाठ कोरी. त्याच्या वर पांढरा कागद, दोन रंग, त्यात संगीत आणि प्रकाश कोणाचा तेही यायचं. आणि मग गुळगुळीत आर्ट पेपरचं चार पानी पत्रक, नायिकेच्या फोटोचा ब्लॉक लावलेलं. ते दारावर रुपयाला विकायचे. त्याच्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक टायपात, कपडे कोणी सांभाळले, रंगभूषा कोणी केली, पडदे कोणी ओढले, सगळ्यांची नावं असायची. पण असलं पत्रक वर्षातून दोन-तीनदाच यायचं. बाकी सगळा गुलाबी संसार.

"शेठ, मागची बाजू कोरीच राहते की," त्या एकदा म्हणाल्या होत्या.

"राहू दे. लोक त्यावर भेळ खातात," रावजीशेठ म्हणाले. "कंपनीला कागद हवा असतो, इतिहास नको."

एवढ्या वर्षांत सिंधुबाईंनी एकही नाटक पाहिलं नव्हतं. एकटी बाई, कपाळावर कुंकू, नवरा कुठं असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?

त्र्याऐंशीच्या श्रावणात धाकटा दीर देवराम दिंडोरीहून आला. पाटावर बसला, चहा बशीत ओतला, पण प्याला नाही.

"वैनी, एक बोलायचं हाय. राग नका धरू."

"बोला भाऊजी."

"दादाचं शेवटचं कार्ड येऊन बारा वर्सं झाली. गुरुजीला इचारलं मी. बारा वर्सं मानसाची खबर नाय, तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची असती. जीव अडकून ऱ्हातो म्हणं. सर्वपित्रीला रामकुंडावर करून घेऊ."

सिंधुबाई स्टोव्हची वात खालीवर करत राहिल्या. पुतळा जाळला की संध्याकाळी कुंकू पुसायचं, मंगळसूत्र उतरवायचं. हे देवरामनं सांगितलं नाही, पण त्याला चहा गिळवत नव्हता तो त्यामुळंच.

"आणि ते असले तर?"

"असता तर आला नसता का वैनी? एवढा का दगड हाय तो?"

"सर्वपित्रीला अजून दीड महिना आहे," त्या म्हणाल्या. देवरामनं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि वाडीतल्या वालाच्या शेंगांची पिशवी उंबऱ्यात ठेवून गेला.

त्याच आठवड्यात छापखान्यात सावळीराम मास्तर आले. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला शबनम. त्यांना नाटकांची पत्रकं जमवण्याचा नाद होता, आणि जुने नमुने मिळतात का म्हणून ते छापखाने पालथे घालत होते.

"आमच्याकडं कुठलं काय," रावजीशेठ म्हणाले. "मागं त्या सिंधुबाई बसल्यात ना, त्यांना विचारा. त्या घरी नेतात. मला वाटायचं चूल पेटवायला."

दुसऱ्या दिवशी सिंधुबाईंनी जुन्या लुगड्यात बांधून पत्रकं आणली. मास्तर गोणपाटावरच मांडी घालून बसले. आर्ट पेपरची चकचकीत त्यांनी पत्त्यांसारखी बाजूला सारली आणि गुलाबी कागद दोन्ही हातांनी उचलला.

"अहो बाई, हे! हे कुठं मिळत नाही!"

"ते गुलाबी? मास्तर, चांगली तर ती तिकडची आहेत. रुपयाला एक."

"रुपया दिलेला माणूस घरी नेऊन कपाटात ठेवतो. ती शंभर घरांत सापडतील. फुकट मिळालेलं कोण ठेवतं? पंख्यासारखं हलवतात, शेंगदाण्याची टरफलं बांधतात, खुर्चीखाली टाकतात. पाचशे छापली तर सकाळी झाडूवाल्याकडं पाचशे. म्हणून याला मोल."

"त्याच्यावर माणसंच नसतात," सिंधुबाई म्हणाल्या.

"कोण नसतात?"

मग त्यांनी सांगितलं. कधी कोणाला असं सगळं सांगितलं नव्हतं. हात घड्या घालत होते, म्हणून तोंडाला बोलता आलं असावं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, शबनममधून वही काढली आणि नाव लिहून घेतलं. तिन्ही.

"माझ्याकडं पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची मिळून दोन खोकी आहेत," ते म्हणाले. "आजवर मी शेवटचं पान वाचलेलं नाही, खोटं कशाला सांगू. आता वाचतो."

श्रावण सरला. गणपती बसले, उठले. पितृपक्ष लागला तशा सिंधुबाई पूल ओलांडताना रामकुंडाकडं बघेनाशा झाल्या. खाली ओळीनं माणसं बसलेली, पिंड मांडलेले, कावळ्यांची वाट बघणारी. आपणही याच ओळीत बसायचं, असं मनात आलं की पाय भरभर उचलायचे. देवरामचा निरोप आला होता: गुरुजी ठरलेत, सकाळी आठला या.

अमावास्येला तीन दिवस राहिले असताना मास्तर आले. भर दुपारी. शाळा सोडून आले होते, हाताला खडू होता. त्यांनी एक चार पानी पत्रक उघडून गोणपाटावर ठेवलं आणि शेवटच्या पानावर बोट टेकलं.

पडदे व दोऱ्या : निवृत्ती गणपत कडलग.

सिंधुबाईंनी ते बोटानं वाचलं. मग डोळ्यांनी. मग पुन्हा बोटानं.

"कधीचं?"

मास्तर पत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख टाकायचे. "एकोणऐंशीचा जानेवारी. पुण्यात पाहिलं मी हे नाटक. 'मामंजी निघाले काशीला'. बाई, कार्डानंतर आठ वर्षांनी ते होते. आणि गुरुजींना विचारा, बारा वर्षं मोजायची ती शेवटच्या खबरेपासून."

सिंधुबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदर लावता लावता त्यांचं लक्ष पहिल्या पानाकडं गेलं. नाटकाचं नाव, वर पगडी घातलेल्या म्हाताऱ्याचं चित्र, आणि खाली वळणदार रेघ. ही पगडी त्यांनी पाहिली होती.

"मास्तर, हे पत्रक थोडे दिवस नेऊ घरी?"

खोलीवर येऊन त्यांनी ट्रंक उघडली. मास्तरांनी जी निवडली होती ती गेली होती, पण काही सिंधुबाईंनी दिलीच नव्हती. त्यांत ते होतं. गुलाबी कागद, तीच पगडी, मात्र ओबडधोबड. 'मामंजी निघाले काशीला. नाशिक येथे एकच प्रयोग. रविवार, १८ फेब्रुवारी १९७९.' आणि त्याला टाचणी लावलेला, मूळ नमुना म्हणून कंपनीच्या मॅनेजरनं आणून दिलेला आर्ट पेपरचा तुकडा.

आता सगळं आठवलं. कंपनीची पुण्याची पत्रकं वाटेत संपली होती. इथं स्वस्तात गुलाबी छापून घ्यायची होती. मॅनेजरनं नमुना काढला, उघडला आणि मधोमध टर्रकन फाडला. पुढचा अर्धा रावजीशेठकडं दिला. "एवढंच छापा. मागच्या अर्ध्यावर मी गाड्यांच्या वेळा लिहिल्यात, तो मला लागतो." आणि तो अर्धा घडी करून खिशात घातला.

सिंधुबाईंनी फाटलेला तुकडा मास्तरांच्या अख्ख्या पत्रकावर ठेवला. कडेला कडा लागली. जिथं तो फाटला होता, त्याच्या पलीकडच्या पानावर ते नाव होतं.

त्या शनिवारी त्यांनी पाचशे पत्रकांना घडी घातली होती. आणि दुसऱ्या दिवशी रात्री शालिमारकडच्या नाट्यगृहात ते पडदा ओढत होते. पुलावरून चालत वीस मिनिटं. खोली तीच, कुलूप तेच, तुळसही तीच. बायको छापखान्यात काम करते हे त्यांना माहीत नसणार. पण घर कुठं आहे ते तर माहीत होतं.

सिंधुबाईंनी दिवा लावला, रामरक्षा म्हणायला बसल्या आणि मध्येच कुठं होतो ते विसरल्या. परत पहिल्यापासून सुरू केली.

सर्वपित्रीला त्या रामकुंडावर गेल्या, पण हातात पत्रक घेऊन. गुरुजींनी चष्मा वर करून वाचलं, तारीख बघितली आणि दर्भाची जुडी खाली ठेवली. "छापील नाव म्हणजे खबरच. बारा वर्षं आता इथून. देवराम, तुझ्या वडिलांचं श्राद्ध करून घे आणि घरी जा."

देवरामनं हात जोडले. घाटाच्या पायऱ्या चढताना त्याचं लक्ष वहिनींच्या पिशवीतून डोकावणाऱ्या गुलाबी कागदाकडं गेलं. त्यानं ओढून काढला.

"वैनी, ह्ये तर नाशिकचं हाय. त्याच साली, पुढल्या म्हैन्यात." तो पायरीवरच थांबला. "म्हंजी दादा हितं आलता?"

"आले होते."

"मंग घरी?"

सिंधुबाईंनी कागद त्याच्या हातातून घेतला, घडी होती तशीच घातली. "प्रयोग होता त्यांना," त्या म्हणाल्या.

देवरामनं खांद्यावरची पिशवी काढली. मग म्हणाला, "शेंगा आनल्यात. कवळ्या हायेत," आणि पिशवी पुढं केली.

सोमवारी सिंधुबाई नेहमीसारख्या दहाला गोणपाटावर बसल्या. कपाळावर कुंकू होतं. मास्तरांचं पत्रक त्यांनी परत दिलं. फाटका तुकडा आणि तो गुलाबी कागद मात्र मास्तरांनी दोनदा मागूनही नाही.

दुपारी सिडकोतल्या एका हौशी मंडळाचा तरुण सेक्रेटरी आला. राज्य स्पर्धेतला प्रयोग, गुलाबी कागद, एका बाजूला छपाई, तीनशे प्रती. रावजीशेठ पावतीपुस्तक शोधायला आत वळले तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला.

"अहो भाऊ, पडदा कोण ओढतं तुमच्याकडं?"

तो दचकला. "पडदा? आहे एकजण. का?"

"नाव काय त्याचं?"

"नाव... अण्णा म्हणतात सगळे."

"अण्णा नाही. बापाचं नाव, आडनाव, सगळं. विचारून या." सिंधुबाईंनी पट्टी कागदावरून ओढली. "शेठ, मागच्या बाजूला एक ओळ टाकू. मशीनवर दुसऱ्यांदा कागद लावायला मी बसते."

रावजीशेठ तोंड उघडून त्यांच्याकडं बघत राहिले, मग सेक्रेटरीकडं. "जा बाबा," ते म्हणाले, "विचारून ये."

तो सायकलवर टांग मारून गेला. सिंधुबाईंनी खिडकीतून तो गल्लीच्या टोकापर्यंत जाताना पाहिला आणि पुढचा कागद ओढला.