बिनसंवादाची नवरी

आमचं पथनाट्य दहा मिनिटांचं. पण त्याचे किस्से सांगायला बसलं, तर घरापर्यंतचा जीपचा प्रवासही पुरत नाही. विषय एकच: अठराच्या आत मुलीचं लग्न नको. लोक आधी टाळ्या वाजवतात आणि मग मनातलं बोलतात!

*

पात्रं ठरत होती तेव्हा मी शेवटच्या बाकावर दप्तराआड होते. बाई म्हणाल्या, "नवरी तू हो. तुला एकही वाक्य नाही. नुसती मान खाली घालायची."

मला केवढा आनंद झाला! दहावीपर्यंत वर्गात मी दुसरं काय केलं होतं?

माझी मैत्रीण परवीन पोलीस झाली. शिट्टी वाजवून ती ओरडायची, "थांबा! नवरीचं वय किती?" तालमी ऐकून ऐकून मला सगळ्यांचे संवाद पाठ झाले. माझा नव्हताच, त्यामुळे तोही पाठ होता.

*

पहिला प्रयोग पेठ गावच्या चौकात. मी मान इतकी खाली घातली की बायका हळहळल्या. खरं तर साडीच्या निऱ्या सुटत होत्या आणि मी त्या पायाच्या अंगठ्यानं दाबून धरल्या होत्या.

शेवटी बाईंनी शपथ दिली. सगळ्यांनी हात पुढे करून घेतली. मग मोठी नथ घातलेल्या एक काकू आल्या, मला कुंकू लावलं आणि ओटीत नारळ नि पोपटी खण घातला.

"अहो काकू, हे नाटक होतं!" बाई म्हणाल्या.

"व्हय की, लई झ्याक झालं! पण हिरव्या साडीतली नवरी रिकामी कशी धाडायची?"

मागे बायकांची रांगच लागली. बालविवाहाला विरोध करायला गेले आणि भरल्या ओटीनं घरी आले!

*

पारगावला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढे, टाळ्या पडल्या नाहीत. एक आई पदर झटकत उठली.

"बाई, आमी दोघं पहाटंच फडात जातो. पोर कोपीत एकली. तिला अठरापर्यंत कुनाच्या भरवशावर ठिवू, तेवडं सांगा."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. त्या दिवशी सगळ्यांनीच माझी भूमिका केली.

*

एका गावात बाईकवर बसलेल्या एका दादानं विचारलं, "पण म्याडम, पोरगीच हो म्हणत असंल तर?"

"अठराच्या आत तिचं 'हो' कायदा धरत नाही," बाई म्हणाल्या.

परवीन पोलिसाची टोपी काढत म्हणाली, "आमचं 'हो' धरत नाहीत, ठीक. पण आमचं 'नाही' कोण धरतंय राव?"

*

माझ्या अभिनयाचं बक्षीस मला मिळालं. स्थळ आलं! "पोरगी लई गरीब हाय, मान वर केली न्हाई," असं पेठला कुणीतरी म्हणालं होतं म्हणे.

"नुसतं बघून जातील," पप्पा म्हणाले. "लगीन काय आजच लावतोय का?"

मी 'नको' म्हणाले. पण ते दाराच्या कडीला. आई तर पाहुण्यांपुढे कधी बोलतच नाही. मी तिच्यावरच गेलेय.

पोहे घेऊन बाहेर गेले. समोर मुलाचे मामा, आणि शेजारी मुलाची आई: त्याच नथवाल्या काकू!

"नाव सांग बाळ," मामा म्हणाले.

मला माझं नाव आठवेना. तोंडातून निघालं ते थेट परवीनच्या आवाजात, "थांबा! नवरीचं वय किती?"

मामांचा चमचा हवेतच राहिला. "स... सतरा सांगितलं व्हतं."

"पंधरा," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

पप्पा पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला काढत बसले.

पाहुणे निघाले, तेव्हा आई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. "रिकामं कसं धाडायचं?" म्हणाली आणि तिनं काकूंची ओटी भरली.

खण पोपटी होता.