बाहेर पडताना बंद होणारा अलार्म

"मोरे, तिसरी कम्प्लेंट आहे ही. पॅनल बदला आणि विषय संपवा," साहेब फोनवर म्हणाले. मी नौपाड्यात दामल्यांच्या हॉलमध्ये स्टुलावर उभा होतो. पॅनल व्यवस्थित चालत होतं, हीच तर अडचण होती.

पॅनल म्हणजे घरच्या अलार्मची भिंतीवरची पेटी. दामलेकाका वॉकर घेऊन चालतात. त्यांच्या गळ्यात एक बटण असतं. ते दाबलं की पेटी घरच्या फोनवरून आधी काकूंच्या मोबाईलला आणि मग बाळकुमला राहणाऱ्या मुलाला, समीरला, फोन लावते. पंधरा दिवसांपूर्वी मीच त्यांची जुनी टेलिफोन लाइन काढून इंटरनेटवरचा फोन दिला होता. फोन, अलार्म आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, सगळं एका मोडेमला जोडलं. वायरी इतक्या नीट बसवल्या की मी फोटो काढून साहेबांना पाठवला होता. हौस माझी.

मंगळवारी काकू भाजीला गेल्या आणि काका बाथरूममध्ये पडले. बटण दाबून दाबून थकले, पण कोणाचाच फोन वाजला नाही. काकू येईपर्यंत तसेच फरशीवर. नशीब, हाड मोडलं नाही. समीरने मात्र निक्षून सांगितलं, हे चालत नसेल तर दोघांनी बाळकुमला राहायला यायचं.

"तिकडे बाविसाव्या मजल्यावर आम्ही करायचं काय, मोरे?" काकूंचे डोळे भरून आले. "इथे खाली उतरलं की दहा माणसं ह्यांची चौकशी करतात."

मी पाचव्यांदा बटण दाबलं. काकूंचा मोबाईल वाजला. मग समीरचा.

"अहो, रविवारी मी येतो तेव्हाही चालतंच ते," समीर फोनवरून वैतागून म्हणाला. "नेमकं हवं तेव्हा बंद!"

मी हात टेकले. नवं पॅनल गाडीत होतं, ते आणायला निघालो. "थांबा, मीही येते. खालून कोथिंबीर घेते," म्हणत काकूंनी चपला घातल्या. दाराशी गेल्या आणि त्यांचा हात आपोआप भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला. टक.

"काकू, काय बंद केलंत?"

"टीव्ही हो. घराबाहेर पडताना बटणं बंद करायची, सासूबाईंची शिस्त. हे नुसते रिमोटने बंद करतात, लाल दिवा तसाच जळत राहतो."

"काका, बटण दाबा!" मी ओरडलो. काकांनी दाबलं. काकूंच्या हातातला मोबाईल गप्प.

मी वाकून टीव्हीमागचं एक्स्टेंशन पाहिलं. जुन्या लाइनला करंट एक्स्चेंजमधून यायचा. घरातली वीज गेली तरी फोन चालू राहायचा. मोडेमला घरची वीज लागते. आणि नीटनेटकं दिसावं म्हणून मोडेमचा प्लग मीच टीव्हीच्या एक्स्टेंशनमध्ये, त्याच बटणावर खोचला होता. म्हणजे काकू घरात असल्या की अलार्म चालू आणि काका एकटे राहिले की बंद. पॅनल बिचारं निर्दोष होतं.

मी काकांची माफी मागितली. "अहो, टीव्ही बंद करते म्हणून मी तिच्याशी किती वर्षं भांडतोय," ते म्हणाले. "आज कोणीतरी माझ्या बाजूने निघालं."

मोडेम आणि पॅनलला वेगळा पॉइंट दिला. वीज गेली तरी चालावं म्हणून छोटी बॅटरी लावली. चुकून हात जाऊ नये म्हणून काकूंनी नव्या पॉइंटच्या बटणावर स्वतःची लाल टिकली चिकटवली. मग टीव्हीचं बटण समाधानाने बंद करून त्या खाली गेल्या. काकांनी गळ्यातलं बटण दाबलं.

"वाजला हो मोरे, वाजला!" काकूंचा आवाज जिन्यातून वर आला. मला इतका आनंद झाला की साहेबांना फोन करायचा राहूनच गेला.

"ठीक आहे," समीर फोनवर म्हणाला. "राहा तिकडेच."

आता कुठेही अलार्म जोडला की मी वायरींचा फोटो काढत नाही. घरच्यांना सांगतो, चपला घाला, रोजच्यासारखे बाहेर पडा. ते खाली पोचले की मग बटण दाबतो.